मोबाइलवरील खेळ : बंदीपेक्षा देखरेख महत्त्वाची

"डॉक्टर, याला भूक लागत नाही. रात्री लवकर झोपत नाही. अभ्यासाला बसवले की डोके दुखते म्हणतो. एखादे टॉनिक लिहून द्या." अशी तक्रार घेऊन अनेक आया दवाखान्यात येतात. थोडी चौकशी केली की कळते, शाळेतून आल्यापासून मुलाच्या हातात मोबाइल असतो आणि त्यावर गेम चालू असतो. अशा वेळी टॉनिकचा उपयोग नसतो.

मोबाइलवरचा प्रत्येक खेळ वाईट असतो असे नाही. कोडी, बुद्धिबळ, शब्दांचे खेळ यांनी करमणूक होते आणि डोक्यालाही चालना मिळते. खरी अडचण आहे ती मूल एकटे, दार लावून किंवा पांघरुणात लपून खेळते तेव्हा. तेथे वेळेचे भान राहत नाही, पैसे कुठे जातात ते कळत नाही आणि पलीकडून कोण बोलते आहे हेही घरातल्यांना ठाऊक नसते.

डोळे, मान आणि झोप

एरवी आपल्या पापण्या मिनिटाला सुमारे पंधरा वेळा लवतात. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण बरेच कमी होते. त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, लाल होतात. सतत जवळचे पाहणे आणि घराबाहेर न पडणे यामुळे लघुदृष्टीचा, म्हणजे लांबचे अंधूक दिसण्याचा, धोका वाढतो. दिवसाच्या मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत हा दोष कमी आढळतो. मान खाली घालून तासन्‌तास बसल्याने मान आणि खांदे अवघडतात, अंगठा दुखू लागतो.

सर्वात जास्त नुकसान झोपेचे होते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप हवी. झोपण्यापूर्वी मारधाडीचा खेळ खेळला की मन उत्तेजित राहते, झोप लांबते आणि सकाळी शाळेत पेंग येते. ज्या मुलांना फिट येतात त्यांनी लखलखत्या प्रकाशाचे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नयेत.

किती वेळ खेळावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की, एक वर्षापर्यंतच्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांपर्यंत पूर्ण मनाई करते आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांच्या आतली मर्यादा सुचवते. या दोन तासांत टीव्हीही आला, हे लक्षात घ्यावे. मूल जेवावे म्हणून त्याच्यापुढे मोबाइल धरणे ही तर सवय लावण्याची पहिली पायरी होय.

'फुकट' खेळाची किंमत

बहुतेक गेम फुकट मिळतात. पण आत गेल्यावर नाणी, हिरे, शस्त्रे, पोशाख विकत घ्यायला सांगितले जाते. रोज आले तर बक्षीस, एक दिवस चुकला तर बक्षीस हुकले, अशी रचना मुद्दाम केलेली असते. मोबाइलला कार्ड किंवा खाते जोडलेले असेल आणि खरेदीच्या वेळची पडताळणी बंद असेल, तर बोटाच्या एका स्पर्शाने पैसे जातात. मुलाला ते खेळातलेच वाटतात. ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत २०१४ साली अशाच तक्रारींवरून तेथील सरकारी यंत्रणेने अ‍ॅपल कंपनीला ग्राहकांचे किमान सव्वातीन कोटी डॉलर परत करायला लावले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आहे. तेव्हा "खेळा आणि जिंका" अशा जाहिरातींना मुलांनीच काय, मोठ्यांनीही भुलू नये.

अनोळखी सोबती

अनेक खेळांत गट करून, बोलत बोलत खेळता येते. पलीकडचा 'दादा' खरोखर शाळकरी मुलगा आहे की चाळीस वर्षांचा माणूस, हे कळायला मार्ग नसतो. आधी तो फुकट हिरे देऊ करतो, मग ओटीपी मागतो. किंवा गोड बोलून फोटो, शाळेचे नाव, पत्ता विचारतो आणि "घरी सांगू नकोस" म्हणतो. घरी सांगू नकोस म्हणणाऱ्या माणसाबद्दल घरी लगेच सांगायचे, हे मुलांना आधीच शिकवून ठेवावे.

सवय की आजार?

गेम खेळणारे प्रत्येक मूल व्यसनी नसते. खेळण्यावर ताबा न राहणे, जेवण-अभ्यास-मित्र यांच्यापुढे गेमला स्थान देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही लक्षणे साधारण वर्षभर टिकली तर त्याला 'गेमिंग डिसऑर्डर' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याचा समावेश असून ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. मात्र मूल खेळण्यासाठी खोटे बोलू लागले, मोबाइल काढून घेताच हाणामारीवर आले, तर वर्षभर थांबू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो.

पालकांनी काय करावे?

१. खेळण्याची वेळ आणि जागा ठरवून द्यावी. जागा बैठकीची खोली किंवा ओसरी असावी, बंद खोली नव्हे.

२. वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहण्याची सवय लावावी.

३. झोपण्यापूर्वी एक तास मोबाइल बंद. रात्री तो मोठ्यांच्या खोलीत ठेवावा. चार्जिंगला लावून खेळू देऊ नये.

४. खरेदीसाठी दर वेळी पासवर्ड लागेल अशी सोय चालू करावी. पिन मुलाला सांगू नये.

५. गेम अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावा. मित्राने पाठविलेल्या लिंकवरून नको.

६. आठवड्यातून एकदा मुलाशेजारी बसून तो काय खेळतो ते पाहावे, जमल्यास एक डाव स्वतः खेळावा.

७. रोज निदान एक तास मैदानावर. आणि जेवताना आपलाही मोबाइल बाजूला!

चूक झाली तर

खात्यातून पैसे गेले किंवा कुणी धमकावू लागले, तर पुष्कळ मुले मार बसेल या भीतीने गप्प बसतात. या भीतीपोटी मुलांनी जीव दिल्याच्या दुर्दैवी घटनाही आपल्या देशात घडल्या आहेत. गेलेले पैसे पुन्हा मिळवता येतात. म्हणून "काहीही झाले तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही," असे मुलाला आजच सांगून ठेवावे आणि वेळ आल्यावर शब्द पाळावा. मेसेज पुसू नयेत, त्यांचे फोटो काढून ठेवावेत. पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० वर आणि बँकेला ताबडतोब कळवावे. मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी दिवसरात्र चालू असते. हे क्रमांक मुलांनाही पाठ असू द्यावेत.