कारभारी मागे, कारभारीण पुढे

बैलजोडी घ्यायला तुम्ही बाजारात जाता, तेव्हा नुसती शिंगे आणि दात पाहून विसार देत नाही. दोन्ही बैल जुंपता, चार पावले चालवून पाहता, एक ओढतो आणि दुसरा अंग चोरतो की काय ते बघता. मंडळी, दोघांनी मिळून चालवायची सायकल घ्यायची झाली तर हीच रीत ठेवा. गंगापूर तालुक्यातल्या एका शेतकरी जोडप्याबरोबर मी 2024 च्या दिवाळीनंतर छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादला, अशी सायकल पाहायला गेलो होतो. त्याची ही हकिकत.

हौसेचा मामला नव्हता. यजमानांना काचबिंदू आहे. हा आजार बहुधा दुखतखुपत नाही, म्हणून माणूस बेसावध राहतो. आधी कडेचे दिसणे जाते. ताटातली भाकरी दिसते, पण बाजूने आलेली मोटारसायकल दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधाने किंवा शस्त्रक्रियेने राखता येते. (चाळिशी उलटली असेल, त्यातून घरात कोणाला हा आजार असेल, तर डोळ्यांचा दाब तपासून घ्या. सायकल आठवडाभर उशिरा आली तरी चालेल.) यांचे शेत घरापासून तीन किलोमीटर. रोज कोणीतरी गाडीवर नेऊन सोडायचे, कोणीतरी आणायचे. ‘‘पोत्यासारखा जातो अन् पोत्यासारखा येतो,’’ असे ते एकदा मला म्हणाले होते.

बाई शाळेत असताना सायकल चालवीत. मग साधी सायकल घेऊन डबलसीट का जात नाही, असे मी विचारले. ‘‘साहेब, डबलसीटमधी मागचं माणूस ओझंच की. ह्यांना पायडल मारायचंय.’’

जोडसायकलीत हाच फरक आहे. तिला दोन सीट, दोन हँडल आणि पायडलच्या दोन जोड्या. दोन्ही जोड्या एका चेनने जोडलेल्या असतात, म्हणून दोघांचे पाय एकाच लयीत फिरतात. मागचे हँडल मात्र नुसते धरायला असते, ते वळत नाही. वळवणे आणि ब्रेक सारे पुढच्याकडे. म्हणून अंध माणसाला ती मागे बसून चालवता येते. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी काचबिंदूनेच विशीच्या आत गेली. ते 2016 मध्ये अशाच सायकलीवरून मनालीहून खारदुंगला खिंडीपर्यंत गेले. हे मी एसटीत यजमानांना सांगितले. ते म्हणाले, ‘‘मला वावरापस्तोर गेलं तरी बास.’’

पैठण गेट, गुलमंडी हिंडलो. बहुतेक ठिकाणी ‘मागवावी लागेल’ हेच उत्तर. एका दुकानात कोणाची तरी वापरलेली विकायला ठेवलेली होती. दुकानदाराने सवयीने पुढचे हँडल यजमानांच्या हाती दिले. त्यांनी ते थोडा वेळ तसेच धरून ठेवले. मग काही न बोलता बाईंकडे सरकवले आणि चाचपडत मागच्या सीटकडे गेले. दुकानातली दोन पोरे हसली. तुम्हालाही कोणी हसेल, तयारी ठेवा. ज्याला दिसते त्याने पुढे बसायचे, इथे धनी-धनीण नाही.

पहिल्या खेपेला सायकल चार हात जाऊन कलंडली, कारण यजमान मागून अंगाने तिला वळवू पाहत होते. दुकानदाराने मग रीत सांगितली. पुढच्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकून, ब्रेक दाबून सायकल सरळ धरायची. मागच्याने बसून पायडलवर पाय ठेवायचे. मग ‘हं’ म्हटले की दोघांनी एकदम रेटायचे. खड्डा, वळण, ब्रेक, सारे पुढच्याने बोलून सांगायचे. मागच्याला दिसत असले तरी पुढच्याच्या पाठीपलीकडचे काय दिसणार?

चौथ्या खेपेला गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. पण घेतली नाही. सीट पुरती खाली केली तरी बाईंचे नुसते चवडे टेकत होते. सायकल तोलून धरणाऱ्याचीच उंची कमी पडत असेल तर स्वस्त मिळते म्हणून मोहात पडू नका. दोघांचे वजन एकाच जोडचाकावर येते, तेव्हा स्पोक भरपूर हवेत आणि ब्रेक दमदार. दौलताबादच्या घाटासारख्या उतारावर ही सायकल एकट्याच्या सायकलीपेक्षा जोरात धावते. चढाला मात्र रडवते. एका कारागिराने दोन जुन्या सायकली जोडून देतो म्हटले. मी नको म्हणालो. सांध्यातून मोडली तर दोघेही जातील. लांबी आठ फुटांच्या आसपास, तेव्हा ओसरीही मोजून घ्या.

शेवटी बाईंच्या उंचीची नवी मागवली. दोन साध्या सायकलींहून महाग पडली. तुरीचे पैसे आले होते.

परवा बांधावर गाठ पडली. बाई म्हणाल्या, ‘‘चढ आला की हे पाय हलके सोडतात.’’

‘‘हिला कसं कळतं?’’ यजमान म्हणाले. ‘‘डोळे तर पुढं असतात.’’

‘‘पायाला कळतं,’’ बाई म्हणाल्या.