इंग्रजी नामांचे अध्यापन : वचन, गणना व लिंग

इंग्रजी शिकविताना खरी अडचण क्रियापदाची असते, नाम हा सोपा भाग आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तूकडे बोट दाखवावे, तिचे नाव सांगावे, की नामाचा पाठ संपला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मुलांच्या वह्या तपासताना तांबड्या शाईच्या कितीतरी खुणा नामाच्या शेवटी किंवा नामाच्या अलीकडेच पडलेल्या असतात. इ. स. २००० पासून महाराष्ट्रात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तत्पूर्वी मराठी शाळांतील मुलांचा या भाषेशी परिचय पाचव्या इयत्तेत होत असे. वय कमी झाले म्हणजे चुका कमी होतात असे नाही. चुकांचे मूळ वयात नसून मातृभाषेच्या घडणीत आहे, आणि ते मूळ शिक्षकांनी ओळखल्यास निम्मे काम होते.

इचलकरंजी परिसरातील एखाद्या शाळेतला मुलगा वडिलांविषयी चार ओळी लिहिताना ‘माय फादर रन्स फोर लूम’ असे लिहितो. शिक्षक ‘लूम’ या शब्दाखाली रेघ ओढतात आणि वर ‘एस’ लिहितात. मुलगा ते अक्षर मुकाट्याने उतरवून घेतो व पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच लिहितो. येथे मुलगा निष्काळजी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्याने मनात रचलेले वाक्य ‘माझे वडील चार माग चालवितात’ हे आहे, आणि मराठीत एक माग व चार माग यांत शब्दाच्या रूपाचा काहीही फरक होत नाही.

मराठीत पुल्लिंगी आकारान्त नामाचे अनेकवचन एकारान्त होते, धोटा–धोटे, तागा–तागे. इतर पुल्लिंगी नामे मात्र दोन्ही वचनांत सारखीच राहतात; माग, हात, दगड, बैल, कवी ही त्याची उदाहरणे. स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी नामांचे रूप बहुधा बदलते. कांडी–कांड्या, भिंत–भिंती, घर–घरे, पुस्तक–पुस्तके. म्हणजे अनेकवचनाची कल्पना मुलाला नवी नाही. काही नामे अनेकवचनातही जशीच्या तशी राहतात, याची मात्र त्याला लहानपणापासून सवय आहे. इंग्रजीतही ‘शीप’, ‘डिअर’ अशी न बदलणारी नामे आहेत, पण ती बोटांवर मोजण्याइतकी. शिक्षकांनी फळ्यावर ‘माग–माग’ व त्याखाली ‘लूम–लूम्झ’ अशा जोड्या मांडाव्यात. मराठी जे सांगत नाही ते इंग्रजीला सांगावे लागते, हे मुलाला एकदा डोळ्यांनी दिसले की तांबड्या रेघेला अर्थ प्राप्त होतो.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द या कामी उपयोगाचे आहेत व तितकेच फसवेही आहेत. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे हे गाव यंत्रमागांचे गाव म्हणून महाराष्ट्रभर ओळखले जाऊ लागले. त्या उद्योगाबरोबर बीम, शटल, बॉबिन, सायझिंग यांसारखे शब्द अक्षरओळख नसलेल्या कामगारांच्याही तोंडी बसले. कबनूर, कोरोची, तारदाळ यांसारख्या आसपासच्या गावांतील मूल शाळेत येते तेव्हा असे वीस-पंचवीस इंग्रजी शब्द त्याच्या कानांवरून गेलेले असतात. ‘आपल्याला इंग्रजी येत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलापुढे त्याच्याच बोलण्यातील हे शब्द मांडून दाखविण्यासारखा दुसरा धीर नाही. मात्र मराठीने हे शब्द घेताना त्यांचे इंग्रजी अनेकवचन घेतले नाही. आपण ‘दोन ट्रक’, ‘दोन बीम’ म्हणतो, आणि ‘सायकली’, ‘मोटारी’, ‘बँका’ ही अनेकवचने तर पूर्णपणे मराठी वळणाची आहेत. ओळखीच्या शब्दाचे अनोळखी अनेकवचन ही म्हणून स्वतंत्रपणे शिकविण्याची गोष्ट ठरते.

अनेकवचनाचा ‘एस’ लिहिताना एकच असला तरी उच्चारताना तो तीन प्रकारे येतो, याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. मराठी व्याकरणातील कठोर व मृदू वर्णांची विभागणी येथे आयती उपयोगी पडते. शब्दाच्या अखेरीस क, ट, प, फ असा कठोर ध्वनी असेल तर पुढे ‘स’ येतो. बुक्स, कॅट्स, मॅप्स. ग, ड, ब, म, न, ल असा मृदू ध्वनी किंवा स्वर असेल तर तोच ‘एस’ घोष होतो. ‘झाड’ या शब्दातील झ हलका करून म्हटल्यासारखा. लूम्झ, बेड्झ, पेन्झ. शेवटी स, श, झ, च, ज यांपैकी ध्वनी आल्यास स्वराचा आधार घ्यावा लागतो. बसिझ, ब्रशिझ, बेंचिझ. च हा वर्ण कठोर असूनही तिसऱ्या गटात पडतो, हे ध्यानी ठेवावे. ‘नाइफ’चे ‘नाइव्ह्ज’ व ‘लीफ’चे ‘लीव्ह्ज’ होते, परंतु ‘रूफ’चे ‘रूफ्स’च राहते, असे शब्द पाठ करून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

यापेक्षा अवघड व अधिक महत्त्वाचा भाग गणनीय व अगणनीय नामांचा आहे. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांतून नामांचे पाच प्रकार सांगण्याची प्रथा आहे. विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक व भाववाचक. मराठी शालेय व्याकरणात त्यांपैकी तीनच मुख्य मानतात. ही वर्गवारी मुलांकडून घोकून घेण्यात अनेक तासिका खर्ची पडतात. परंतु एखादे नाम समूहवाचक की सामान्य हे अचूक सांगणारा मुलगा वाक्य अचूक लिहीलच असे नाही. नामापूर्वी ‘अ’ येईल काय, नामानंतर ‘एस’ लागेल काय, क्रियापद ‘इज’ की ‘आर’, हे सर्व ज्या प्रश्नावर अवलंबून आहे तो प्रश्न एकच : ही वस्तू एक, दोन, तीन अशी मोजता येते काय?

हा प्रश्न शिकविण्यास इचलकरंजीसारखे दुसरे ठिकाण शोधून सापडणार नाही. कापूस, सूत, कापड यांना मराठीतही कोणी ‘एक कापूस, दोन कापूस’ असे मोजत नाही. कापसाच्या गाठी मोजतात, सुताच्या लडी मोजतात, कापडाचे तागे मोजतात. इंग्रजीची रीत हीच आहे : ‘अ बेल ऑफ कॉटन’, ‘अ हँक ऑफ यार्न’, ‘अ पीस ऑफ क्लॉथ’. दोन गाठी झाल्या की ‘एस’ गाठीला लागतो, कापसाला नाही. ‘टू बेल्झ ऑफ कॉटन’. ज्या घरात तागे मोजून मजुरी ठरते त्या घरातील मुलाला हा नियम शिकविण्याची गरज नाही. तो त्याला ठाऊकच आहे, केवळ ओळखून द्यावा लागतो. दूध लिटरने, पाणी तांब्याने मोजण्याची उदाहरणे त्यानंतर द्यावीत.

‘क्लॉथ’ या शब्दाजवळ थोडे थांबणे इष्ट आहे. मराठीत ‘कापड’ व ‘कपडे’ असा भेद आहे. इंग्रजीत ‘क्लॉथ’ व ‘क्लोद्झ’ असा आहे. कापड विणले जाते, कपडे अंगात घातले जातात. ‘क्लोद्झ’ हे नेहमी अनेकवचनीच असते; त्यातून एकवचन काढून ‘वन क्लोद’ असे म्हणता येत नाही. उलट ‘क्लॉथ’पूर्वी ‘अ’ लावला की अर्थ पालटतो व तो शब्द फडक्याचा वाचक होतो. ‘माय फादर मेक्स अ क्लॉथ’ असे लिहिणाऱ्या मुलाने आपल्या विणकर वडिलांना फडके करावयास बसविले आहे, हे वर्गात हसत हसत सांगावे. मुले हा भेद सहसा विसरणार नाहीत. सुताच्या व्यापारात निरनिराळ्या प्रतींच्या सुतांना ‘यार्न्झ’ असेही म्हणतात. तेव्हा एखाद्या सुताच्या व्यापाऱ्याच्या मुलाने तो शब्द वापरल्यास अगदीच अशुद्ध ठरवू नये, पण प्राथमिक इयत्तांत त्याची चर्चाही नको.

मात्र मराठीची मोजणी प्रत्येक ठिकाणी इंग्रजीशी जुळत नाही. आपण ‘तांदूळ निवडले’, ‘गहू महागले’, ‘केस पिकले’ असे अनेकवचन वापरतो. इंग्रजीत ‘राइस’, ‘व्हीट’ आणि डोक्यावरील केसांसाठी ‘हेअर’ ही तिन्ही एकवचनी धरतात. गंमत अशी की भात शिजल्यावर मराठीतही तो एकवचनी होतो. तांदूळ निवडले, पण भात झाला. मराठीत बातम्या अनेक असतात, इंग्रजीत ‘न्यूज’ हे अखेरीस ‘एस’ असूनही ‘इज’च घेते. याउलट मराठीत कात्री एक व चष्मा एक. इंग्रजीत मात्र दोन पाती व दोन काचा ध्यानी घेऊन ‘सिझर्झ’ व ‘स्पेक्टॅकल्झ’ अनेकवचनी होतात आणि त्यांपुढे ‘आर’ येते. अशा शब्दांचा एक तक्ता वर्गाच्या भिंतीवर कायम टांगलेला असावा.

वचनाचीच आणखी एक चूक मुलांच्या सुसंस्कृतपणातून उद्भवते. ‘माझे वडील आले आहेत’ हे मराठीतील आदरार्थी अनेकवचन होय. त्यास अनुसरून मुलगा ‘माय फादर आर’ असे लिहितो. गुरुजींविषयी लिहितानाही हेच घडते. आईविषयी मात्र घडत नाही, कारण आई ‘आली’ असेच आपण म्हणतो. ही चूक दुरुस्त करताना इंग्रजीत आदर क्रियापदातून व्यक्त होत नाही, एवढे सांगणे पुरे. वडिलांना ‘इज’ म्हटल्याने त्यांचा मान कमी होतो की काय, अशी शंका लहान मुलाच्या मनात खरोखरच येऊ शकते आणि ती हसण्यावारी नेऊ नये.

लिंगाच्या बाबतीत इंग्रजी मराठीहून पुष्कळच सोपी आहे आणि नेमक्या याच कारणाने मुले गोंधळतात. मराठीत माग तो, कांडी ती, सूत ते. निर्जीव वस्तूलाही लिंग चुकत नाही. त्यामुळे ‘खिडकी उघडी आहे, ती लाव’ याचे इंग्रजी करताना मूल खिडकीला ‘शी’ करून मोकळे होते. निर्जीव वस्तू सर्व ‘इट’, हा नियम सुरुवातीलाच दृढ करावा. येथे सीमाभागाच्या सान्निध्याचा एक लाभ आहे. ज्या मुलांच्या घरी कानडी बोलली जाते त्यांना हे लवकर उमगते, कारण कानडीत स्त्री-पुरुष हा भेद माणसांपुरता असून वस्तू नपुंसकलिंगी मानल्या जातात. अशा मुलांना वर्गात पुढे बोलावून त्यांच्या भाषेतील उदाहरणे सांगावयास लावावीत. एरवी मराठीत अडखळणारे हे मूल त्या दिवशी सर्वांच्या पुढे असते.

‘अ’ व ‘अन’ यांचा नियम अक्षरांवरून न सांगता ध्वनीवरून सांगावा. मुलांच्या हाती यासाठी देवनागरी लिपी आहे. शब्द देवनागरीत लिहून पाहावा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘अन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अंब्रेला’ अ-काराने सुरू होतो म्हणून ‘अन अंब्रेला’. पण ‘युनिफॉर्म’ व ‘युनियन’ य-काराने सुरू होतात म्हणून ‘अ’. तास या अर्थाच्या ‘अवर’ या शब्दातील ‘एच’ मुका असल्याने ‘अन अवर’. ‘अन एम. एल. ए.’ हेही याच न्यायाने. अर्थात मूळ उच्चार शुद्ध असला पाहिजे. वर्ष व कान या दोहोंनाही ‘इयर’ म्हणण्याची आपली सवय आहे. वास्तविक वर्षाचा शब्द य-काराने सुरू होतो, म्हणून ‘अ यिअर’, आणि कानाचा स्वराने, म्हणून ‘अन इअर’.

विभक्तीच्या प्रकरणी मात्र मुलांना दिलासा देता येतो. ‘घोडा’ला प्रत्यय लागताना ‘घोड्या’ असे सामान्यरूप होते, तसे इंग्रजी नामाचे होत नाही. ‘रामूचा माग, रामूची सायकल, रामूचे घर’ या तिन्ही ठिकाणी ‘रामूझ’ हे एकच रूप पुरते. विशेषनामांविषयी दोन गोष्टी सांगावयाच्या राहतात. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्यामुळे माणसांची व गावांची नावे मोठ्या अक्षराने सुरू करण्याचे मुलांना भान राहत नाही. प्रत्येक मुलाने पहिल्या पानावर आपले, गावाचे, तालुक्याचे व जिल्ह्याचे नाव रोज एकदा लिहावे. दुसरे असे की गावाच्या नावापूर्वी ‘द’ लावत नाहीत, नदीच्या नावापूर्वी लावतात. ‘इचलकरंजी’ नुसते, पण ‘द पंचगंगा’.

वह्या तपासताना चुकलेल्या नामावर केवळ रेघ ओढण्याऐवजी समासात त्याचा मराठी प्रतिशब्द लिहावा : ‘लूम’शेजारी ‘चार माग’, ‘फादर आर’शेजारी ‘वडील आले’. चूक कोठून आली ते मूल स्वतः शोधील व दुरुस्त रूप स्वतःच्या हाताने लिहील.