पुलंची सिनेमातली सात वर्षं

१९५३ साली ‘गुळाचा गणपती’ पडद्यावर आला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका, सगळं एकाच माणसाचं. पस्तिशीही न गाठलेल्या पु. ल. देशपांड्यांचं. ‘सबकुछ पु. ल.’ हे बिरुद या चित्रपटाला चिकटलं ते कायमचं.

पुलं म्हटलं की आपल्याला पुस्तकं आठवतात, एकपात्री प्रयोग आठवतात. सिनेमातले पुलं मात्र बऱ्याच जणांना अर्धेमुर्धेच ठाऊक असतात. १९४७च्या ‘कुबेर’मध्ये ते नट म्हणून आले. पुढच्याच वर्षी राम गबाले यांच्या ‘वंदे मातरम्’मध्ये पुलं आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई दोघंही पडद्यावर दिसले. १९५०च्या ‘पुढचं पाऊल’मध्ये दिग्दर्शक राजा परांजपे होते आणि समोर हंसा वाडकर. अभिनयाच्या जोडीनं लेखन आणि संगीतही सुरू होतं. ‘नाच रे मोरा’ आजही बालवाडीत म्हटलं जातं. ते १९५३च्या ‘देवबाप्पा’तलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, म्हणजे गदिमांचे, आवाज आशा भोसले यांचा, चाल पुलंची.

‘गुळाचा गणपती’चा नायक नारायण हा साधाभोळा, दिवास्वप्नांत रमणारा तरुण. मनातल्या मनात तो मोठमोठे पराक्रम गाजवतो आणि प्रत्यक्षात जो तो त्याला गृहीत धरतो. अशी भूमिका नुसत्या संवादांवर उभी राहत नाही. वाक्य कुठं तोडायचं, चेहरा किती वेळ कोरा ठेवायचा हे लिहितानाच ठाऊक असावं लागतं. लेखक आणि नट एकच असल्याचा फायदा तिथं होतो. आणि संगीतकारही तोच असल्याचा फायदा ऐकायचा असेल तर ‘इंद्रायणी काठी’ ऐकावं. गदिमांच्या शब्दांना पुलंनी इतकी साधी, वारकरी वळणाची चाल दिली आणि भीमसेन जोशींनी ती इतक्या तळमळीनं गायली, की हा एखाद्या संताचा अभंग असावा असं आजही अनेकांना वाटतं.

त्यानंतर पुलं आकाशवाणीकडे आणि रंगभूमीकडे वळले. १९५७ला ‘तुझे आहे तुजपाशी’ आलं, १९६१ला ‘बटाट्याची चाळ’चा एकपात्री प्रयोग. इथं ‘सबकुछ’ला खरा अर्थ आला. सिनेमात पैसा निर्मात्याचा आणि वितरण तिसऱ्याचंच असतं. रंगमंचावर मात्र संहिता, आवाज, देहबोली पुलंची आणि व्यवस्थेचा कारभार सुनीताबाईंच्या चोख हातात. सगळी सूत्रं घरातच होती.

पुलंचे आवडते चार्ली चॅप्लिन यांनी हेच फार आधी ओळखलं होतं. १९१९ साली, म्हणजे पुलंच्या जन्मवर्षीच, त्यांनी सहकाऱ्यांसोबत ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ काढली आणि आपल्या सिनेमांचं वितरण स्वतःकडे घेतलं. मराठीत दादा कोंडके यांनी १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून निर्मिती हाती घेतली आणि १९७५च्या ‘पांडू हवालदार’पासून दिग्दर्शनही.

पुलंनी पटकथेची साथ मात्र कायमची सोडली नाही. १९९२चा ‘एक होता विदूषक’ त्यांनी जब्बार पटेल यांच्यासाठी लिहिला. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा नट होतो आणि मोठेपणात आपलं हसू हरवून बसतो, ही ती गोष्ट. लक्ष्मीकांत बेर्डे यांना तिनं कारकिर्दीतली सर्वांत गंभीर भूमिका दिली.

आज भाईंदर पश्चिमेच्या मुर्धा, राई, मोर्वा या गावांतलं एखादं पोरही मोबाइलवर आपलं आपण लिहू शकतं, कॅमेऱ्यासमोर उभं राहू शकतं, संकलन करू शकतं. साधनं हाताशी आली, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या पोरांना एवढंच सांगावंसं वाटतं: एकेक कला वेगळी शिका. पुलंनी दिग्दर्शन हाती घेण्याआधी पेटीचा रियाज केला होता, दुसऱ्यांच्या हाताखाली भूमिका केल्या होत्या, संवाद लिहून दिले होते. ‘सबकुछ’ व्हायचं असेल, तर आधी त्यातलं प्रत्येक ‘कुछ’ कमवावं लागतं. आणि ते कमावल्यावर हिशेबाची वहीही आपल्याच माणसाकडे ठेवावी.