गोरं करणारी डबी: लावण्याआधी आणि विकण्याआधी हे वाचा

मैत्रिणींनो, लग्नसराई जवळ आली की गावात एक छोटी डबी फिरायला लागते. कधी ती पार्लरमधून येते, कधी आठवडी बाजारातून, तर कधी आपल्याच गटातली एखादी ताई घरोघरी विकते. ‘आठ दिवसांत फरक’ असं ती सांगते, आणि खरंच आठ-दहा दिवसांत चेहरा उजळलेला दिसतो. मग शेजारीण मागते, जाऊ मागते, बारावीतली मुलगीही मागते.

पण फरक इतक्या लवकर पडतो कशाने, हे कुणी विचारत नाही. ते समजून घेतलं तर पुढे होणारा त्रास टळेल, म्हणून हा लेख.

आपला रंग म्हणजे काय?

आपल्या कातडीत मेलानिन नावाचा रंग तयार होतो. तो तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसांत साधारण सारख्याच असतात. फरक असतो तो या पेशी किती मेलानिन बनवतात याचा. मेलानिन उन्हातल्या घातक किरणांपासून आतल्या कातडीचं रक्षण करतं. उन्हात काम केलं की आपण काळवंडतो, कारण शरीर स्वतःवर जादा छत्री धरतं. म्हणजे सावळा रंग हा आजार नाही, आणि त्याला औषधही लागत नाही.

गंमत बघा, थंड देशांतले गोरे लोक उलट सावळं दिसण्यासाठी पैसे मोजतात. दिव्यांच्या यंत्रात झोपून अंग तांबूस करून घेतात. ही यंत्रं कर्करोगाला कारण ठरतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ साली जाहीर केलं, आणि ब्राझीलने त्याच वर्षी त्यांच्यावर बंदी घातली. तिकडे काळं व्हायचं, इकडे गोरं व्हायचं, पण भोगावं लागतं ते कातडीलाच.

डबीत असतं तरी काय?

झटपट गोरं करणाऱ्या डब्यांमध्ये दोन गोष्टी वारंवार सापडतात: पारा आणि स्टेरॉइड.

*पारा.* पारा मेलानिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातली बातमी अनेकींनी वाचली असेल. एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं बिघडली. तिघी एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या क्रीममध्ये मर्यादेच्या कितीतरी पट जास्त पारा निघाला. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही असेच रुग्ण आढळले. क्रीम बंद केल्यावर त्यांतले बरेच जण सुधारले, म्हणून वेळेवर ओळखणं महत्त्वाचं.

आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये मुद्दाम पारा घालताच येत नाही. चुकून अंश राहिला तरी तो दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्याला वास नसतो आणि क्रीममध्ये तो डोळ्याला दिसत नाही. लावणाऱ्या बाईच्या हातावरून, उशीवरून, टॉवेलवरून तो घरातल्या लेकरांपर्यंत पोचतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही तो घातक आहे.

*स्टेरॉइड.* बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं लक्षात ठेवा. ही औषधं वाईट नाहीत. काही आजारांत डॉक्टर ती थोडे दिवस देतात. पण गोरेपणासाठी महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावली तर कातडी पातळ होते, लाल पडते, बारीक शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते. उन्हात गेलं की आग होते. बंद केलं की चेहरा अजून भडकतो, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. एकदा सवय लागली की सुटत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी दुकानात ती सहज मिळतात.

नायट्यालाही हीच चूक होते. स्टेरॉइड असलेलं मलम लावलं की खाज दोन दिवस थांबते आणि बरं वाटतं. पण बुरशी आत पसरत राहते आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. नायटा झाला तर डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस औषध घ्या. घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या. टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवा, कडक उन्हात वाळवा.

डबी हातात घेतल्यावर हे बघा

- बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि परवाना क्रमांक आहे का?
- बॅच नंबर आणि वापरण्याची शेवटची तारीख आहे का?
- आत काय घातलं आहे त्याची यादी आहे का?
- माल परदेशी असेल तर इथे आणणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का?
- वेष्टनाच्या डाव्या बाजूला उभी लाल रेघ आहे का? असेल तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे.

यातलं काही वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. डबीवर काहीच छापलेलं नसेल, किंवा ‘आमचा खास फॉर्म्युला’ असं तोंडी सांगितलं जात असेल, तर ती डबी घरात आणू नका.

आधीच वापरत असाल तर?

घाबरू नका, आणि लाजून लपवूही नका. बिनलेबलची क्रीम आजच बंद करा. डबी फेकू नका, पिशवीत बांधून सोबत घ्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. सकाळी डोळ्यांभोवती किंवा पायांवर सूज येत असेल, लघवीला फार फेस येत असेल, तर एक दिवसही थांबू नका. लघवीची साधी तपासणी केली तरी मूत्रपिंडाबद्दल पहिला अंदाज येतो.

स्टेरॉइडची ट्यूब बरेच महिने लावत असाल तर ती हळूहळू कशी सोडायची हे डॉक्टर सांगतील. जिल्हा रुग्णालयात त्वचारोगाचे डॉक्टर असतात. लांब जाणं जमत नसेल तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलता येतं, आशाताईंना विचारा.

आणखी एक. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर त्यावर कुठलीच क्रीम चोळत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत मिळतात, आणि वेळेत घेतले तर हातापायांत व्यंग येत नाही.

मग चेहऱ्याची काळजी घ्यायची कशी?

यात फार खर्च नाही.

कापूस वेचताना आपल्या बायका साडीवर घरधन्याचा पूर्ण बाहीचा शर्ट घालतात. उन्हापासून बचावाचा तो उत्तम उपाय आहे. डोक्यावरून कान आणि मान झाकेल असा घट्ट विणीचा सुती रुमाल बांधा. जमेल तेव्हा अकरा ते तीन या वेळेत सावलीतली कामं करा. पायाच्या भेगांसाठी रात्री पाय धुऊन, पुसून तेल किंवा व्हॅसलीन लावा.

चेहरा दिवसातून दोनदा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. कपड्यांचा साबण चेहऱ्याला लावू नका. आंघोळीनंतर अंग थोडं ओलं असतानाच खोबरेल तेल लावलं तर ओलावा टिकतो. ज्यांच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात त्यांनी मात्र चेहऱ्याला तेल लावू नये. लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ नका, भाजल्यासारखे काळे डाग उठतात.

गालावरचे वांग बाळंतपणात, गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आणि उन्हामुळे वाढतात. ते रगडून जात नाहीत. ऊन टाळणं हा पहिला उपचार, औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने. परवडत असेल तर ३० एसपीएफचं सनस्क्रीन लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. नसेल परवडत, तर रुमाल आणि सावली यांवरच भर द्या.

विकणाऱ्या ताईंसाठी

गटातल्या काही जणी पार्लर चालवतात, काही जणी क्रीम विकून घरखर्चाला हातभार लावतात. तुमची कमाई बुडावी असं कुणालाच वाटत नाही. पण तुम्ही दिलेली डबी शेजारणीची मुलगी विश्वासाने चेहऱ्याला लावते, आणि त्रास झाला तर पहिलं नाव तुमचंच निघतं. म्हणून बिल असलेला, परवाना क्रमांक छापलेला मालच घ्या. बिल जपून ठेवा. गटात साबण किंवा क्रीम बनवून विकायचं असेल तर आधी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. संशयास्पद मालाची तक्रारही त्यांच्याच जिल्हा कार्यालयात करता येते.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने घरातली चेहऱ्याची डबी सोबत आणावी. हजेरी आणि बचत झाली की पंधरा मिनिटं काढून वरची यादी वाचा आणि एकेक डबी तपासा. ज्या डब्या यादीत बसणार नाहीत त्यांची नावं ग्रामसंघाच्या वहीत लिहा, म्हणजे पुढच्या गटाला ती आधीच कळतील.