फ्रीजरमधली भेंडी

दुबईतल्या आमच्या इमारतीत हे दरवर्षी होतं. बाल्कनीतल्या भेंडीचं बी निघतं, पिशवीत बांधून थेट फ्रीजरमध्ये जातं. वर ऐकवलं जातं, ‘‘आता वीस वर्षं चिंता नाही. त्या बियाणं-बँकेत तरी दुसरं काय करतात?’’

दुसरं बरंच करतात हो! आधी बी वाळवतात. ओलं बी गोठवलं की आतल्या पाण्याचा बर्फ होतो, पेशी फाटतात आणि बी तिथेच मरतं. जनुकपेढीत, म्हणजे त्या बियाणं-बँकेत, ते 5 ते 20 अंशांच्या खोलीत, 10 ते 25 टक्के आर्द्रतेत सावकाश सुकवतात, हवाबंद पाकिटात बंद करतात आणि मग कुठे उणे 18 अंशांत ठेवतात. माझ्यावर विश्वास नसेल तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची (एफएओ) जनुकपेढ्यांसाठीची 2014 ची मानकं पाहा. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टनचा ढोबळ नियमही जुना आहे: बियातला ओलावा 1 टक्क्याने घटला की आयुष्य दुप्पट, तापमान 5 अंशांनी घटलं तरी दुप्पट. बी खडखडीत वाळवून राखेत घालून ठेवणाऱ्या आजीला यातला पहिला भाग ठाऊक होता. आपण फ्रीज घेतला आणि तेवढंच विसरलो. दुबईतल्या ऑगस्टच्या दमट बाल्कनीत मात्र बी वाळत नाही, उकडतं.

शिवाय वीस वर्षं विसरून चालत नाही. पेढीत ठरावीक काळाने बी उगवून पाहतात. उगवणशक्ती सुरुवातीच्या 85 टक्क्यांखाली गेली की शेतात पेरून नवं बी घेतात. खरा खर्च तिथे आहे.

‘वाळवंटात कसली पेढी?’ असंही विचारतात. दुबईत 1999 पासून आयसीबीए ही संस्था आहे. खारं पाणी आणि खारी जमीन सोसणाऱ्या पिकांची हजारो वाणं तिच्याकडे आहेत, त्यात आपली ज्वारी-बाजरीही.

‘नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बियाणं-तिजोरीचं दार प्रलयाच्या दिवशीच उघडणार.’ छे. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोची पेढी हातची गेली, तेव्हा ती चालवणाऱ्या इकार्डा या संशोधन संस्थेने 2015 मध्येच स्वालबार्डहून आपलं बी परत नेलं.

‘खजुराची बी ठेवली की वाण राहिलं.’ बी राहील, वाण नाही. रोपांतली निम्मी तर नर निघतात. वाण टिकतं ते बुंध्याच्या फुटव्यांतून किंवा ऊतीसंवर्धनातून.

आणि हापूसची कोय कृपा करून फ्रीजरमध्ये ठेवू नका. ती वाळवली तरी मरते, गोठवली तरी मरते. ताजी लावलीत तर उगवेल. मात्र त्या झाडाला हापूसच लागेल, हा आणखी वेगळा गैरसमज.