स्लिम लॅपटॉप, फिक्स रॅम!

लॅपटॉप घ्यायला गेलो की आपण आधी काय करतो? उचलून बघतो. 'वा, किती हलका!' चूक काहीच नाही. वरठीहून ट्रेनने नागपूरला रोज अपडाऊन करणाऱ्यांना विचारा, पाठीवर अर्धा किलो जास्त झाला तरी जाणवतो.

मीपण तसाच घेतला. वहीसारखा पातळ, 8 जीबी रॅमचा. शेवटच्या वर्षाला व्हिडिओ एडिटिंग सुरू झालं आणि तो अडकायला लागला. रॅम वाढवू म्हणून दुरुस्तीच्या दुकानात गेले. दादांनी मागचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "ताई, याची रॅम बोर्डावरच सोल्डर आहे. वाढवायला जागाच नाही."

मग कंपन्या असं का करतात? वेगळी मिळणारी रॅम जवळपास 7 सेंटिमीटर लांबीच्या पट्टीवर येते, शिवाय तिला स्लॉट लागतो. ती जागा वाचली की लॅपटॉप पातळ होतो किंवा बॅटरी मोठी बसवता येते. कमी वीज खाणारी 'एलपीडीडीआर' रॅम तर प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते, म्हणून ती बहुतेक वेळा सोल्डरच केलेली असते. स्टीव्ह जॉब्स यांनी 2008 मध्ये पाकिटातून काढून दाखवलेल्या मॅकबुक एअरमध्येही 2 जीबी रॅम अशीच पक्की होती. म्हणजे फायदा खरा आहे. फक्त त्याची किंमत दोन-तीन वर्षांनी कळते.

आणि आपल्याकडे लॅपटॉप एकट्याचा कुठे असतो? ताईचं शिक्षण झालं की तो भावाकडे जातो. भंडारा पितळी भांड्यांचा जिल्हा. भांडं जुनं झालं म्हणून कोणी फेकत नाही, कल्हई करून परत वापरतात. सोल्डर रॅमला ती सोय नाही.

मधला मार्ग निघतोय. 'कॅम' नावाचं चपटं, स्क्रूने बसणारं रॅम मॉड्यूल आलंय. 2023 च्या डिसेंबरमध्ये त्याचं मानकही ठरलं. पण आपल्या बजेटमधल्या लॅपटॉपमध्ये ते अजून सहसा दिसत नाही.

तोपर्यंत एवढं करा. दुकानातल्या डेमो लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' बघा. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'सोडिम' असेल तर रॅम बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती सोल्डर आहे. काही मॉडेलमध्ये थोडी रॅम बोर्डावर आणि सोबत एक स्लॉट असतो, तेही विचारून घ्या.

रॅम सोल्डर असेल तर पहिल्याच दिवशी 16 जीबी घ्या. बजेट 8 चंच असेल तर थोडा जाड चालेल, पण स्लॉटवाला घ्या. माझा लॅपटॉप आता धाकट्या भावाकडे जाणार आहे. त्याचं कॉलेज नुकतंच सुरू झालंय, आणि रॅम तेवढीच आहे.