आधी झिप, मग तुकडे: युजनेटवर फाईल कशी पाठवायचे?

व्हॉट्सअ‍ॅपवर 3 एमबीचा फोटो आपण न बघताच पुढे ढकलतो. सेकंदाला 2400 बिट्सवाल्या जुन्या मोडेमवर तोच फोटो उतरवायला साडेतीन तासांहून जास्त वेळ लागला असता, आणि तेवढा वेळ फोनची लाईन अडकलेली! तरीही तेव्हा लोक युजनेटच्या ग्रुप्सवर गप्पा मारत आणि फाईलीही वाटत. कसं जमायचं ते बघूया.

युजनेटची कल्पना 1979 सालची, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांची. इथे मधोमध एक मोठा सर्व्हर नव्हताच. तुमचा मेसेज एका कम्प्युटरवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा कॉपी होत जाई, सुरुवातीला चक्क फोन लावून. म्हणजे फाईल टाकली तुम्ही, पण हजारो ठिकाणी डिस्क भरणार आणि फोनचं बिल येणार दुसऱ्यांना. तिथली शिस्त कडक होती ती यामुळे. सही चार ओळींपेक्षा मोठी नको, उत्तर देताना समोरच्याचा अख्खा मेसेज परत चिकटवू नका, असे संकेत पुढे 1995 मध्ये आरएफसी 1855 या दस्तऐवजात लिहून ठेवले गेले.

फाईलची गंमत वेगळीच. युजनेट बनलं होतं साध्या मजकुरासाठी. फोटो किंवा प्रोग्रॅम तसाच पाठवला तर वाटेत बिघडायचा. म्हणून युयुएन्कोड वापरत. हा प्रोग्रॅम फाईलच्या दर 3 बाइट्सची 4 साधी अक्षरं करतो. फाईल शाबूत पोचते, पण तिसऱ्या हिश्शाहून जास्त फुगते. म्हणून आधी झिप करायचं, मग एन्कोड. लांबलचक मेसेज बरेच सर्व्हर घेत नसत, त्यामुळे शेवटी तुकडे पाडायचे आणि शीर्षकात 1/5, 2/5 असे आकडे टाकायचे. समंजस माणूस आधी 0/5 टाकायचा: फाईल काय आहे, केवढी आहे. नको असेल तर बाकीचं उतरवूच नका! मला तर ही पद्धत आजच्या फॅमिली ग्रुपवरही हवी आहे.

आणि हे सगळं चर्चेच्या ग्रुपमध्ये नाही, तर नावात 'बायनरीज' असलेल्या वेगळ्या ग्रुपमध्ये. ज्या सर्व्हरला परवडत नाही, त्याने ते ग्रुप घेऊच नयेत, इतकी साधी सोय.

2001 मध्ये वायएन्क आलं आणि फुगवटा एक-दोन टक्क्यांवर उतरला. ईमेलला जोडलेली फाईल मात्र आजही वाटेत साधारण 33 टक्क्यांनी फुगते. तिथे 3 बाइट्सची 4 अक्षरं करायचं काम आता बेस64 करतं.